डीव्हीडी किती वेगाने लिहावी? दोन बाजूंचा संवाद

कोऱ्या डीव्हीडीवर चित्रफीत उतरवण्याआधी संगणक शेवटचा प्रश्न विचारतो तो वेगाचा: ४एक्स, ८एक्स, १२एक्स की १६एक्स? बहुतेक जण सर्वांत मोठा आकडा निवडतात. काही जण आग्रहाने सर्वांत लहान आकड्यावर थांबतात. पहिल्यांचे म्हणणे असे की वेळ वाचतो आणि डिस्कवर छापलेला वेग कंपनीनेच दिलेला असतो. दुसऱ्यांचे म्हणणे असे की सावकाश केलेले काम पक्के होते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, पण कोणतेही एक पूर्ण खरे नाही. चित्रफितीची डिस्क नीट चालणे हे डिस्क, रायटर आणि ती जिथे पाहिली जाणार तो प्लेअर या तिघांच्या जुळणीवर अवलंबून असते. वेगाची निवड हा त्या जुळणीचा एक भाग आहे.

भोपाळमध्ये हा प्रश्न दोन प्रकारच्या माणसांपुढे येतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि तोवर राजधानी असलेल्या नागपुरातून सरकारी कचेऱ्यांबरोबर मराठी कुटुंबेही इथे आली. अशा घरांतली लग्ने, मुंजी, गणेशोत्सवातली नाटके आधी व्हीएचएस कॅसेटवर, मग व्हीसीडीवर आणि पुढे डीव्हीडीवर उतरली. हे काम करणारा स्टुडिओ ही पहिली बाजू. दुसरी बाजू जतन करणाऱ्यांची. श्यामला हिल्सवर १९८२ साली सुरू झालेले भारत भवन आणि त्याच टेकड्यांवरचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय यांच्यामुळे कला आणि लोकजीवन यांची नोंद ठेवण्याचे काम या शहराला परिचित आहे. पुढील संवादातला स्टुडिओचालक आणि संग्रहपाल हे या दोन भूमिकांचे प्रातिनिधिक वक्ते आहेत.

एक्स म्हणजे किती

डीव्हीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८५ मेगाबाइट. सीडीचा १एक्स सेकंदाला अवघा १५० किलोबाइट असतो, म्हणजे डीव्हीडीचा एक एक्स सीडीच्या नऊ एक्सपेक्षा थोडा जास्त भरतो. ब्लू-रेचा १एक्स सेकंदाला ४.५ मेगाबाइट. त्यामुळे सीडीवरच्या ५२एक्सची डीव्हीडीवरच्या १६एक्सशी नुसत्या आकड्यांवरून तुलना करता येत नाही.

एका थराच्या डीव्हीडीवर ४.७ अब्ज बाइट मावतात. १एक्सने ती पूर्ण भरायला सुमारे ५७ मिनिटे लागतात, ४एक्सने सुमारे १४ मिनिटे. पुढे मात्र हिशेब सरळ राहत नाही, आणि वादही तिथेच सुरू होतो.

स्टुडिओचालक: ताई, लग्नसराईत एकेका घरच्या वीस-वीस प्रती लागतात. मुलीकडचे, मुलाकडचे, नागपूरचे काका, पुण्याची आत्या, सगळ्यांना डीव्हीडी हवी असते. चार एक्सने एक डिस्क पंधरा मिनिटे घेणार असेल तर वीस डिस्कना पाच तास लागतील. सोळा एक्स दिलेला असताना तो का वापरू नये?

संग्रहपाल: दादा, तुलना चार आणि सोळाची करू नका, आठ आणि सोळाची करा. आठ एक्सने भरलेली डिस्क साधारण आठ मिनिटांत होते आणि सोळा एक्सने पाच-सहा मिनिटांत. वेग दुप्पट झाला तरी वेळ निम्मा झाला नाही.

स्टुडिओचालक: दुप्पट वेगाने निम्मा वेळ का वाचत नाही?

संग्रहपाल: कारण सोळा एक्स हा फक्त शेवटचा वेग आहे. डीव्हीडीवर लेखन आतून बाहेर जाते. सोळा एक्सच्या लेखनात डिस्क एकाच गतीने फिरत राहते. आतल्या वर्तुळाचा परीघ लहान, म्हणून तिथे एका फेऱ्यात कमी मजकूर बसतो. सुरुवात साडेसहा-सात एक्सच्या आसपास होते, वेग हळूहळू चढतो आणि सोळाचा आकडा अगदी बाहेरच्या कडेला गाठला जातो. सरासरी निघते बारा एक्सच्या जवळपास. शिवाय सुरुवातीची चाचणी आणि शेवटचे फायनलाइज यांचा वेळ कोणत्याही वेगाला लागतोच.

स्टुडिओचालक: म्हणजे एका डिस्कमागे दोन-तीन मिनिटांचाच फरक.

संग्रहपाल: तेवढाच. वीस डिस्कमागे पाऊण-एक तास. दोन रायटर एकाच वेळी लावले तर तोही निम्म्यावर येतो.

या स्पष्टीकरणामागे डिस्क फिरवण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत किरणाखालून जाणाऱ्या पृष्ठभागाचा वेग कायम ठेवतात, म्हणून किरण बाहेर सरकेल तशी डिस्क हळू फिरते. एका थराच्या डीव्हीडीसाठी १एक्सला हा वेग सेकंदाला ३.४९ मीटर असतो. आत डिस्कचे मिनिटाला सुमारे १,४०० फेरे होतात, बाहेर सुमारे ५७५. दुसऱ्या पद्धतीत फेऱ्यांची संख्या कायम राहते आणि लेखनाचा वेग बाहेरच्या बाजूला वाढत जातो. यांच्यामधल्या मिश्र पद्धतींत डिस्कचे पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यात वेग एकेक पायरी चढवतात, किंवा काही अंतरापर्यंत फेरे कायम ठेवून पुढे पृष्ठभागाचा वेग कायम ठेवतात. सोळा एक्स पहिल्या पद्धतीने सुरुवातीपासून गाठायचे तर आतल्या कडेला मिनिटाला बावीस हजारांहून अधिक फेरे लागतील, आणि एवढ्या गतीत डिस्क टिकण्याचीच खात्री राहत नाही.

किरण, रंगद्रव्य आणि उष्णता

बाजारात विकत मिळणाऱ्या चित्रपटाची डीव्हीडी कारखान्यात साच्याने दाबून बनते. तिच्यातले खळगे प्लास्टिकमध्येच उठलेले असतात, म्हणून तिला लेखनवेग हा प्रश्नच लागू होत नाही. दिल्लीत १९८३ साली स्थापन झालेल्या मोझर बेअर कंपनीने २००७ मध्ये चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणल्या, तेव्हा घरोघरी अशा डिस्क पोहोचल्या. ग्राहक त्यांच्याशीच लग्नाच्या डीव्हीडीची तुलना करतो. पण लग्नाची डीव्हीडी लेसरने लिहिलेली असते आणि तिची रचना वेगळी असते.

लिहिता येणाऱ्या डिस्कमध्ये सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर असतो. ६५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या तांबड्या किरणाने तो थर ठरावीक जागी तापतो, तिथे त्याचे गुणधर्म बदलतात आणि वाचताना त्या जागेवरून प्रकाश कमी परततो. डीव्हीडीवरची सर्वांत लहान खूण ०.४ मायक्रोमीटर लांब असते आणि शेजारच्या दोन वाटांमधले अंतर ०.७४ मायक्रोमीटर असते.

स्टुडिओचालक: मग वेग वाढवला तरी किरण तोच, डिस्क तीच. फरक कुठे पडतो?

संग्रहपाल: खुणेला मिळणाऱ्या वेळेत. एक एक्सला सर्वांत लहान खूण करायला सुमारे ११५ नॅनोसेकंद मिळतात, सोळा एक्सला फक्त सात. तेवढ्या क्षणात थर तापला पाहिजे आणि खूण संपते तिथे पुन्हा निवलाही पाहिजे. म्हणून वेग वाढला की किरणाची शक्ती वाढवावी लागते. शक्ती वाढली की उष्णता शेजारी पसरण्याचा धोका वाढतो. खुणेची कड पुढे-मागे सरकली की प्लेअरला तिची लांबी चुकीची वाटते.

स्टुडिओचालक: म्हणजे वाचताना चूक होते.

संग्रहपाल: हो. शिवाय सोळा एक्सला डिस्कची बाहेरची कड ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने धावत असते आणि डिस्कचे मिनिटाला नऊ हजारांहून अधिक फेरे होतात. डिस्क किंचित वाकलेली असेल, मधले भोक थोडे बाजूला असेल, किंवा वर कागदी लेबल वाकडे चिकटवलेले असेल, तर ती थरथरते. रायटरची भिंग सांभाळणारी यंत्रणा त्या हालचालीमागे धावत राहते आणि लेखन बिघडते ते नेमके बाहेरच्या भागात.

सर्वांत संथ वेग का नको

इथवर संग्रहपालाची बाजू भक्कम दिसते. पण हाच युक्तिवाद ताणला तर निष्कर्ष निघतो की एक किंवा दोन एक्सनेच लिहावे, आणि तो निष्कर्ष चुकीचा आहे. हे दाखवून देण्याचे काम स्टुडिओचालकाच्या अनुभवाने केले.

संग्रहपाल: मग जतनासाठी आम्ही नेहमी सर्वांत कमी वेगच निवडतो, ते बरोबरच झाले.

स्टुडिओचालक: नाही ताई, ते पटत नाही. सोळा एक्सच्या कोऱ्या डिस्कवर संगणकाने दाखवलेला सर्वांत कमी वेग घेऊन पाहिला, तर काही डिस्क आठ एक्सपेक्षा वाईट चालतात. जुन्या चार एक्सच्या डिस्कवर असे होत नसे. पोळी मोठ्या आचेवरच भाजायची असते. मंद आचेवर ठेवली तर ती नीट फुगत नाही, कडक होते. सोळा एक्सच्या डिस्कचे रंगद्रव्यही थोड्या वेळात जास्त उष्णता घेईल असेच बनवलेले असते.

संग्रहपाल: म्हणजे डिस्क एका वेगासाठी घडवलेली असते, आणि त्यापासून दोन्ही दिशांना फार दूर जाणे चुकीचे.

स्टुडिओचालक: तेच. बऱ्याच रायटरमध्ये सोळा एक्सच्या डिस्कसाठी एक एक्सचा पर्यायच येत नाही.

याचे कारण डिस्क आणि रायटर यांच्यातल्या ओळखीत आहे. प्रत्येक कोऱ्या डिस्कवर कारखान्यातच तिच्या निर्मात्याचा आणि प्रकाराचा संकेत कोरलेला असतो. डीव्हीडी-आरमध्ये तो वाटांच्या मधल्या खुणांत असतो, डीव्हीडी+आरमध्ये वाटेच्या नागमोडी वळणांत आणि सीडी-आरमध्येही तशाच वळणांत. रायटरच्या फर्मवेअरमध्ये अशा संकेतांची यादी असते आणि प्रत्येकासमोर कोणत्या वेगाला किती शक्ती द्यायची, स्पंद किती लांब ठेवायचा, हे नमूद असते. डिस्क आत गेल्यावर रायटर आधी हा संकेत वाचतो, मग आतल्या कडेच्या राखीव पट्ट्यात शक्तीची छोटी चाचणी घेतो आणि त्यानंतर लिहायला सुरुवात करतो.

संकेत यादीत असेल तर रायटर त्या डिस्कसाठी आजमावलेली पद्धत वापरतो. नसेल तर सर्वसाधारण पद्धत वापरतो आणि परिणाम नशिबावर राहतो. रायटरच्या निर्मात्याने आपली आकडेमोड सहसा डिस्कच्या मुख्य वेगांवर, म्हणजे आठ, बारा, सोळा एक्सवर, अधिक काळजीने जुळवलेली असते. त्यामुळे फारच खालचा वेग त्या डिस्कच्या लक्ष्याबाहेर पडू शकतो. चार एक्सची जुनी डिस्क आठ एक्सने लिहिणे जितके चुकीचे, तितकेच सोळा एक्सची नवी डिस्क एक एक्सने लिहिण्याचा हट्ट निरर्थक आहे.

डिस्कच्या वेष्टनावरचे नाव विकणाऱ्याचे असते, बनवणाऱ्याचे नसू शकते. एकाच नावाने आलेल्या दोन खेपा वेगवेगळ्या कारखान्यांतल्या असू शकतात. मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात निघाली आणि देशातला मोठा उत्पादक बाजारातून गेला. त्यानंतर जुना साठा आणि आयात माल यांच्या बाबतीत संकेत पाहणे अधिक गरजेचे झाले. विनाशुल्क मिळणाऱ्या अनेक प्रणाली तो संकेत पडद्यावर दाखवतात.

चित्र अडकते कधी

डीव्हीडीविषयीच्या तक्रारींत सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार ही की चित्र चौकोनांत फुटते किंवा थांबते, आणि बहुधा लग्नाच्या शेवटच्या भागात. त्याचे कारण लेखनाच्या दिशेत आहे. शेवटचा भाग डिस्कच्या बाहेरच्या कडेजवळ असतो आणि जास्त वेगात लिहिल्यामुळे होणारी हानी तिथेच साठते.

स्टुडिओचालक: ग्राहक म्हणतो, सोळा एक्सने लिहिलेली डिस्क माझा प्लेअर तेवढ्या वेगाने वाचू शकत नाही, म्हणून अडकते.

संग्रहपाल: त्याचा तर्क चुकीचा आहे, तक्रार मात्र खरी असू शकते. चित्रपट पाहताना प्लेअर डिस्क जवळपास एक एक्सने वाचतो, मग ती कितीही वेगात लिहिलेली असो. लिहिण्याचा वेग डिस्कवर शिल्लक राहत नाही, त्याच्या खुणा कशा उमटल्या तेवढेच उरते.

स्टुडिओचालक: मग चित्राचा दर्जा वाढवला की अडकते, त्याचे काय?

संग्रहपाल: तो बिटरेटचा प्रश्न आहे. डीव्हीडी-व्हिडिओच्या प्रमाणात चित्र, आवाज आणि उपशीर्षके मिळून सेकंदाला जास्तीत जास्त १०.०८ मेगाबिट चालतात. एक एक्सचा वाचनवेग ११.०८ मेगाबिट आहे. मर्यादेला भिडलेली चित्रफीत असेल आणि डिस्कवर चुका असतील, तर जुन्या प्लेअरला पुन्हा वाचायला सवड मिळत नाही. दोन तासांचा कार्यक्रम एका थरावर सरासरी पाच मेगाबिटच्या आसपास बसतो, म्हणून तिथे जागा राहते. तासाभराच्या कार्यक्रमात बिटरेट कमालीचा चढवण्याचा मोह टाळावा.

स्टुडिओचालक: म्हणजे अडकणे दिसले की आधी बिटरेट पाहावा, मग वेग, मग डिस्क.

या क्रमात आणखी दोन गोष्टी जोडाव्या लागतात. डिस्क फायनलाइज केलेली नसेल तर घरातला प्लेअर ती ओळखतच नाही. आणि काही जुने प्लेअर डीव्हीडी+आर ओळखत नाहीत. अशा डिस्कवर ती साच्याच्या डीव्हीडी-रॉमसारखी आहे असा प्रकार नोंदवण्याची सोय काही रायटरमध्ये असते. ज्या ग्राहकाकडे असा प्लेअर आहे त्याला डीव्हीडी-आर द्यावी, हा सोपा मार्ग.

चुका मोजता येतात

वेगाचा वाद मतांवर सोडण्याची गरज नाही, कारण डिस्कवरच्या चुका मोजता येतात. डीव्हीडीवरचा मजकूर ३२ किलोबाइटच्या गटांत बांधलेला असतो आणि प्रत्येक गटासोबत रीड-सॉलोमन पद्धतीची चूक-दुरुस्तीची माहिती असते. साधारण ६ मिलिमीटरपर्यंतचा सलग ओरखडा ती भरून काढू शकते. म्हणूनच चांगली लिहिलेली डिस्कही पूर्णपणे निर्दोष नसते. प्रश्न असतो तो चुका दुरुस्त होण्याच्या आवाक्यात आहेत की नाहीत याचा. ठरवलेल्या प्रमाणानुसार सलग आठ गटांत आतल्या पातळीवरच्या चुका २८० पेक्षा जास्त नसाव्यात.

स्टुडिओचालक: पण ताई, मोजणी करणारे रायटर माझ्याकडे नाहीत. माझ्यासाठी यात काय आहे?

संग्रहपाल: तुमच्यासाठी पडताळणी पुरेशी आहे. लिहिताना व्हेरिफायची खूण करा. प्रणाली डिस्क पुन्हा वाचून मूळ फाइलशी ताडून पाहते. तेवढा वेळ त्याला लागतोच, पण घरच्यांच्या हातात डिस्क देण्याआधी ती वाचली गेली आहे हे कळते.

स्टुडिओचालक: व्हेरिफाय पास झाली म्हणजे डिस्क चांगली?

संग्रहपाल: आज, या रायटरवर ती वाचता आली, एवढेच सिद्ध झाले. चुका दुरुस्तीच्या कडेवर असतील तरी व्हेरिफाय पास होते. म्हणून नव्या खेपेतली पहिली डिस्क दोन वेगवेगळ्या, शक्यतो जुन्या प्लेअरवर शेवटपर्यंत पळवून पाहावी. पुढच्या उड्या मारून शेवटची दहा मिनिटे पाहिली तरी बरेच कळते.

जतन करणाऱ्या संस्थेसाठी मोजणी करणारे रायटर आणि प्रणाली अनिवार्य आहेत. युनेस्कोच्या मेमरी ऑफ द वर्ल्ड कार्यक्रमासाठी २००६ साली केव्हिन ब्रॅडली यांनी लिहिलेल्या अहवालाचा मुख्य इशारा हाच आहे: चुकांची नियमित तपासणी केल्याशिवाय लिहिता येणाऱ्या सीडी आणि डीव्हीडीवर जतनासाठी भरवसा ठेवू नये. एकाच रायटरमध्ये एका निर्मात्याच्या डिस्कसाठी जो वेग उत्तम ठरतो, तोच दुसऱ्या निर्मात्याच्या डिस्कसाठी वाईट ठरू शकतो. म्हणून सर्वांसाठी लागू पडणारा एक आकडा देता येत नाही.

व्हीसीडी, दुहेरी थर, पुनर्लेखन आणि ब्लू-रे

व्हीसीडी १९९३ साली आली. तिच्यात सेकंदाला १.१५ मेगाबिटचे एमपीईजी-१ चित्र असते आणि आपल्याकडच्या पाल पद्धतीत ते ३५२ बाय २८८ बिंदूंचे. प्लेअर ती सीडीच्या १एक्सनेच वाचतो. इथे वेग बेताचा ठेवावा: जुन्या संचातल्या डिस्कसाठी ८ ते १६एक्स हा सुरक्षित टप्पा ठरतो, आणि ५२एक्सचा मोह जुन्या प्लेअरवर त्रासदायक ठरतो.

दुहेरी थराच्या डिस्कवर ८.५ गिगाबाइट मावतात. पहिल्या थरावरून दुसऱ्यावर जाताना किरण पुन्हा केंद्रित करावा लागतो, म्हणून तिथे प्लेअर क्षणभर अडखळतो. या डिस्क सुरुवातीला २.४एक्सच्या होत्या, पुढे ८एक्सच्या आल्या. त्यांच्यावर छापील वेगाच्या निम्म्याने लिहिणे इष्ट. चित्रफितीत थर बदलाची जागा प्रसंगाच्या शेवटी घेणे हे चांगल्या संपादकाचे काम.

पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कमध्ये रंगद्रव्य नसते. तिथे धातूंच्या मिश्रणाचा थर स्फटिक अवस्थेतून अस्फटिक अवस्थेत आणि परत नेला जातो. या डिस्कना जास्तीत जास्त वेगाबरोबर कमीत कमी वेगाचीही सीमा असते. सीमेबाहेरच्या वेगाने लिहिता येत नाही. अशी डिस्क कच्च्या प्रतीसाठी चांगली, भेट म्हणून देण्यासाठी नाही.

ब्लू-रेत ४०५ नॅनोमीटरचा निळसर-जांभळा किरण असतो. २५ गिगाबाइटच्या डिस्कला १एक्सने दीड तास लागतो, म्हणून तिथे मधला वेग घेणे व्यवहार्य.

वेग आणि आयुष्य

स्टुडिओचालक: आणि डिस्क किती वर्षे टिकणार, हे वेगावर ठरते का?

संग्रहपाल: थोडेसे. चांगली सुरुवात म्हणजे पुढे बिघडण्यासाठी जास्त जागा. नवी असतानाच चुकांची पातळी मर्यादेजवळ असेल, तर रंगद्रव्य थोडेही फिकटले की ती मर्यादा ओलांडली जाते. पण फिकटणे वेगामुळे होत नाही. ते उष्णता, प्रकाश आणि ओल यांमुळे होते.

स्टुडिओचालक: भोपाळचा मे महिना म्हणजे पारा चाळीसच्या वर. पावसाळ्यात भिंतींना ओल.

संग्रहपाल: म्हणून उन्हाच्या खिडकीत, टीव्हीच्या वर, गाडीच्या डॅशबोर्डवर डिस्क ठेवायची नाही. थंड, कोरड्या, अंधाऱ्या कपाटात, पेटीत उभी ठेवायची.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक आणि तंत्रज्ञान संस्थेने २००३ साली सीडी-डीव्हीडीच्या देखभालीची मार्गदर्शिका प्रकाशित केली. तिच्यातही याच सूचना आहेत, आणि सोबत आणखी दोन: डिस्कवर चिकटणारे लेबल लावू नये, आणि नाव लिहायचे तर पाण्यावर आधारित शाईच्या मऊ टोकाच्या पेनने लिहावे. लेबल वाकडे बसले तर समतोल बिघडतो आणि लेबलचा गोंद कालांतराने थरावर परिणाम करतो.

जतनाच्या दृष्टीने एका डिस्कवर अवलंबून राहणे धोक्याचे आहे. मूळ चित्रफीत हार्ड डिस्कवर आणि आणखी एका ठिकाणी ठेवून डिस्क ही एक प्रत समजली, तर वेगाच्या चुकीची किंमत एका डिस्कपुरती राहते. ज्या घरात लग्नाची एकमेव प्रत डीव्हीडीवर आहे, त्या घराने ती आजच फाइलमध्ये उतरवून घ्यावी.

न्यायालयात सादर होणाऱ्या चित्रफितीसाठी आणखी एक कसोटी आहे. अन्वर पी. व्ही. विरुद्ध पी. के. बशीर या १८ सप्टेंबर २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की सीडीसारखी इलेक्ट्रॉनिक नोंद दुय्यम पुरावा म्हणून द्यायची तर तेव्हाच्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५बी प्रमाणे प्रमाणपत्र लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ही तरतूद कलम ६३ मध्ये आहे, आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचे हॅश मूल्य नोंदवण्याची जागा आहे. डिस्कवर उतरलेली फाइल मूळ फाइलशी तंतोतंत जुळते हे हॅशने दाखवता येते. अशा कामात घाईचा वेग निवडून पडताळणी वगळणे म्हणजे पुराव्याची अवहेलना करणे होय.

निवडीचा क्रम

दोन्ही बाजूंना मान्य होईल असा क्रम अखेरीस असा ठरतो. आधी चित्रफीत तयार होऊन तिची आयएसओ इमेज बनवावी आणि ती संगणकावर शेवटपर्यंत पाहावी. बिटरेट मर्यादेच्या बऱ्यापैकी खाली ठेवावा. मग डिस्कचा संकेत पाहावा आणि रायटरचे फर्मवेअर अद्ययावत आहे याची खात्री करावी. छापील वेगाच्या निम्म्याच्या आसपास सुरुवात करावी: सोळा एक्सच्या डिस्कला आठ, आठ एक्सच्या डिस्कला चार. पहिल्या डिस्कवर हा वेग आणि त्याच्या वरचा-खालचा वेग आजमावून चुका मोजाव्यात, मोजणी शक्य नसेल तर जुन्या प्लेअरवर शेवटचा भाग पाहावा. लिहिताना इतर जड कामे बंद ठेवावीत. २००० च्या सुमारास आलेल्या बफर-रक्षणामुळे माहितीचा पुरवठा थांबला तरी डिस्क वाया जात नाही, पण प्रत्येक थांबणे-जोडणे हे लेखनात एक सांधा सोडून जाते.

स्टुडिओचालक: मग मी माझ्या खेपेसाठी आठ एक्स ठरवतो, एक डिस्क व्हेरिफाय करून पाहतो, आणि नवी खेप आली की पुन्हा तेच.

संग्रहपाल: आणि मी नव्या डिस्कसाठी सर्वांत संथ वेगाचा नियम काढून टाकते. मोजणीने जो वेग चांगला ठरेल तो आमच्या नोंदवहीत डिस्कच्या संकेतासह लिहून ठेवते.

अशा नोंदीत तारीख, डिस्कचा संकेत, रायटरचे मॉडेल, वेग आणि चुकांचा आकडा असावा. दर दोन-तीन वर्षांनी काही नमुने पुन्हा तपासावेत आणि चुका वाढताना दिसल्या तर डिस्क वाचता येत आहे तोवरच तिची फाइल नव्या माध्यमावर हलवावी.